कायमचा पत्ता

लातूरहून आलोक येणार असल्याचा सकाळी फोन आला, तेव्हा रेणुकादास कवठाळीकरांना बरंच वाटलं. आलोक त्यांचा जुना विद्यार्थी. ते लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते त्या दिवसांत पहिल्या बाकावर बसून सरांना भंडावून सोडणारा हा मुलगा आता प्रबोध अकॅडमीच्या मुख्य कचेरीत फ्रँचायझीचं काम बघत होता, आणि लोह्याला प्रबोधची शाखा काढायचं त्यानंच सरांच्या मनात भरवलं होतं. लातूरच्या क्लासेसचा तेव्हा असा काही बोलबाला होता, की तालुक्याच्या गावी नुसती त्या नावाची पाटी लागली तरी आईबाप पोरांना घेऊन जिना चढत. खाली बी-बियाणांचं दुकान होतं, औषधांचा उग्र वास जिन्यातून वर यायचा, पण वर दोन्ही खोल्या भरलेल्या असायच्या. "सर, लातूरसारखंच शिकवता न्हवं?" एवढंच लोक विचारत, आणि रेणुकादास मान हलवून पोराचं नाव घालून घेत.

आलोक आला तो मात्र चहाला हात न लावता बसून राहिला.

"सर, मला फार अवघड जातंय हे बोलायला," तो शेवटी म्हणाला. "पण तुम्ही एकाही नोटिशीला उत्तर दिलं नाहीत. आता शाखा बंद करायचा कागद निघेल."

"कसली नोटीस?"

आलोकनं सांगितलं. जीवशास्त्राच्या मास्तरांनी मध्येच नोकरी सोडली, तेव्हा रेणुकादासांनी गावातलीच एक हुशार मुलगी शिकवायला घेतली होती. करारानुसार शिक्षक लातूरनं पसंत केलेलाच हवा. चूक सुधारा, नाहीतर करार संपेल, असं कचेरीनं रजिस्टर पोस्टानं कळवलं होतं, पुन्हा कळवलं होतं, आणि तिसऱ्यांदा शेवटचं म्हणून बजावलं होतं.

"अरे, मला एकदा फोन केला असतास तर मी दुसऱ्या दिवशी माणूस बदलला असता."

"फोन नोटिशीत धरत नाहीत सर. करारातल्या पत्त्यावर टपालानंच जावं लागतं. आणि तुम्ही तर प्रत्येक वेळी सही करून घेतलंय." त्यानं बॅगेतून पोचपावत्या काढून टेबलावर मांडल्या.

रेणुकादासांनी चष्मा सारखा केला. सही त्यांचीच होती. पूर्ण नाव, मराठीत, आणि खालची रेघ मागं येऊन 'र'ला टेकलेली. बँकेत, उत्तरपत्रिकांवर, सगळीकडे ते कैक वर्षं इंग्रजी आद्याक्षरांची आखूड सही करत होते. ही लांबलचक सही त्यांनी सोडून दिली होती, आणि ती कधी सोडली हे त्यांना ठाऊक होतं. पत्ता मग त्यांनी वाचलाच नाही. तरी तो डोळ्यांपुढं आला: मारुतीच्या पारासमोर, मुक्काम पोस्ट कवठाळी, तालुका औसा.

करार झाला त्या दिवशी लातूरच्या कचेरीत टाइप करणाऱ्या माणसानं मान वर न करता विचारलं होतं, "कायमचा पत्ता?" लोह्याचं घर भाड्याचं. भाड्याच्या घराला कायमचं कसं म्हणावं, अशा मास्तरी विचारात ते घुटमळले, आणि तोंडातून आपसूक तोच पत्ता गेला. सही करताना तो छापलेला दिसला होता. खोडावासा वाटला नव्हता, एवढं खरं.

"ते गाव आता नाही रे, आलोक."

"पुनर्वसनाचं नवं कवठाळी आहे ना सर."

"तिथं माझं घर नाही. मी घेतलंच नाही तिथं घर."

आलोकनं पोचपावत्या गोळा करून बॅगेत ठेवल्या. मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "करारात स्पष्ट लिहिलंय सर. त्या पत्त्यावर पोचलं, की तुम्हाला पोचलं." आणि बॅग बंद करता करता, "मी फाइल आठवडाभर दाबून ठेवतो. टपाल दुसऱ्याच कुणी घेतलंय असं पोस्टाकडनं लिहून आणा. मग बघू."

बारावीच्या पोरांच्या परीक्षेला थोडेच महिने उरले होते. शाखा बंद पडली तर ती कुठं जाणार होती, आणि इतक्या वर्षांची नोकरी सोडून हा व्याप मांडलेले रेणुकादास तरी कुठं जाणार होते? घरी त्यांनी मुग्धाला सगळं सांगितलं. मुग्धा त्यांची बायको, नांदेडची. त्यांचं लग्न झालं ते भूकंपानंतर, त्यामुळं कवठाळी तिनं कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याबद्दल नवरा बोलत नाही हे तिनं संसाराच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं.

"जाऊन या," ती म्हणाली. "पोस्टाचा घोळ असेल. सही काय, कुणीही कुणाची करतं."

भूकंप झाला त्या, गणपती विसर्जनाच्या रात्री रेणुकादास कॉलेजच्या गणपतीसाठी लातूरला थांबले होते. सकाळच्या एस्टीनं गावी जाणारच होते. पहाटे जमीन हलली. मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं पायी ते कवठाळीच्या रस्त्याला लागेपर्यंत तेरणा नदीच्या काठी धूर उठलेले होते. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, एकेका सरणावर सात-आठ माणसं दिली जात होती. रस्त्यावरच कुणीतरी त्यांना घरातल्या गेलेल्यांची नावं सांगितली. वडील, आई गोदावरीबाई, थोरला भाऊ श्रीनाथ, तारामतीवहिनी आणि त्यांचं तान्हं मूल. रेणुकादास तिथूनच परत फिरले. घरापर्यंत गेले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढं त्यांनी लोह्याची बदली मागून घेतली, कारण लोह्याला तेरणेकाठचं कुणी नव्हतं.

नवं कवठाळी माळावर होतं. एकसारखी घरं, माणसांच्या मानानं फारच रुंद रस्ते, आणि त्यांतल्याच एका घरात पोस्ट. दाराशी टपाल लावत बसलेला पोस्टमन संगप्पा निलंग्याकडचा. बदली होऊन त्याला इथं फार दिवस झाले नव्हते. रेणुकादासांनी तोंड उघडायच्या आत तोच ओळखीचं हसला.

"या की सर. आज तुमीच आलात व्हय इकडं? तुमचं टपाल न्हाई बगा आज."

रेणुकादास उभेच राहिले. "तुम्ही मला ओळखता?"

"आता घ्या! एवढ्या डाव रजिस्टर दिलं की तुमाला."

"कुठं?"

"जुन्या गावठाणात. हितं नव्या गावात तुमच्या नावाचं घर न्हाई. परत लावणार हुतो, पर एक म्हातारा म्हणला, हे पारासमोरचं घर हाय. म्हणून सायकल घेऊन गेलो, तर तुमी दारातच बसलेले." संगप्पानं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "तवा चष्मा नव्हता. अन् तब्येतबी बरी हुती तुमची. लई वाळलात सर."

संगप्पा आपल्या नादात बोलतच होता.

"मी इचारलंबी, सर, ह्या रानात एकटं कसं ऱ्हाता? तर तुमी म्हणलात, एकटा कुठं, सगळी आत हायत की. झोपलीत. हळू बोल."

ऊन चांगलं तापलं होतं. समोरच्या घराच्या अंगणात कुणीतरी तुरी वाळत घालत होतं. इतक्या साध्या, उघड्या उजेडात ते शब्द ऐकताना रेणुकादासांना भीती अशी वाटली नाही. फार दिवस टाळलेलं एखादं काम कुणीतरी परस्पर करून टाकावं आणि त्याची लाज वाटावी, तसं काहीसं झालं. ते म्हणाले, "मला तिथं घेऊन चला."

गावठाणात बाभळी माजल्या होत्या. काळ्या दगडांचे ढीग गवतानं झाकून गेले होते, आणि एक गल्ली कुठं संपून दुसरी कुठं सुरू व्हायची हे ओळखू येत नव्हतं. तरी रेणुकादासांचे पाय न चुकता वळत होते. मारुतीचा पार शाबूत होता. त्याच्यासमोर त्यांचं घर होतं तिथं ढिगारा, दोन उभे दगड आणि त्यांच्या मधोमध हातभर बुंध्याची बाभळ.

पण त्या दगडांपुढची जमीन झाडलेली होती. नीट, कडेपर्यंत, काडी न ठेवता. वर सडा टाकलेला होता आणि तो अजून ओला होता.

संगप्पा सड्याच्या अलीकडं थांबला. "दार लोटलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "झोपली असतील."

रेणुकादासांना दार दिसत नव्हतं. बाभळीच्या पानांतून ऊन हलत होतं, तेवढंच. घशाशी एक हाक आली. ती मारली असती तर 'ओ' आली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक असायला हवं होतं. ते तितकं पक्कं वाटेना, म्हणून त्यांनी हाक गिळली. आपण ज्या रस्त्यावरून परत फिरलो, त्या रस्त्यानं आपल्यातलं कुणीतरी तसंच पुढं आलं असावं, घरात शिरलं असावं, आणि इतकी वर्षं इथं झाडलोट करत, निजलेल्या माणसांना जपत राहिलं असावं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो जाईना.

"संगप्पा," ते म्हणाले, आणि आपणही आवाज खाली आणलाय हे त्यांना जाणवलं, "यापुढं माझं काही इथं आणू नका. इथं जे काही असेल ते लोह्याला लावून द्या. तुम्हाला लिहून देतो."

"सगळं?"

"सगळं. आता तोच माझा कायमचा पत्ता."

"मंग आत सांगाय पायजे. तुमी येत न्हाई?"

रेणुकादासांनी नाही म्हणून मान हलवली.

संगप्पाला त्याचं नवल वाटल्याचं दिसलं, पण सरांच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडा, अशा चेहऱ्यानं त्यानं चपला सड्याबाहेर काढल्या, दोन दगडांपाशी गेला, आणि ठेंगण्या चौकटीतून शिरताना माणूस वाकतो तसा नेमका वाकून बाभळीच्या पलीकडं झाला. थोड्या वेळानं तसाच वाकून बाहेर आला.

"बरं म्हणल्या म्हातारबाई," तो चपला घालत म्हणाला.

रेणुकादासांनी पोस्टात बसून पत्ता बदलल्याचा अर्ज लिहिला. टपाल दुसऱ्या कुणी घेतलं, असं मात्र ते लिहून मागू शकले नाहीत. कुणी घेतलं म्हणून सांगणार होते? लातूरला जाऊन त्यांनी आलोकच्या हातात नव्या पत्त्याचं पत्र दिलं, गावातल्या त्या मुलीला लातूरची परीक्षा द्यायला लावली, ती पास झाली, आणि आलोकनं वरच्यांना काय सांगून पटवलं कोण जाणे, पण शाखा बंद करायचा कागद निघाला नाही. पोरांचे तास सुरू राहिले. रेणुकादासांना पहिले काही दिवस झोपही चांगली लागली.

मग एका संध्याकाळी ते घरी आले, तर टेबलावर प्रबोधचं रजिस्टर पाकीट उघडून ठेवलेलं. पत्त्यातला बदल नोंदवून घेतल्याचं पत्र होतं.

"हे कधी आलं?" त्यांनी विचारलं.

"असं काय करता? तुम्हीच घेतलंत की दारात," मुग्धा स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुपारी नाही का घरी आलात?"

"मी दुपारी क्लासवर होतो."

ती हसत बाहेर आली. अलीकडं ती अशी हसली नव्हती. "चष्मासुद्धा तिथंच विसरून आला होतात. मी म्हटलं, जाऊ दे, बिनचष्म्याचे किती तरुण दिसता. आणि किती दिवसांनी असे बसून बोललात हो! चहा दोनदा घेतलात. आईंच्या हातची उसळ, श्रीनाथभाऊजींची सायकल, सगळं सगळं सांगितलंत. तारामतीवहिनींच्या बाळाचं नाव व्यंकट होतं, हेसुद्धा मला आज कळलं."

बाळाचं नाव रेणुकादासांनी भूकंपानंतर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्यांनी तिला सांगायचा प्रयत्न केला. पण काय सांगणार? मी आलो नव्हतो, म्हणाले, तर तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं आणि तिथं एक बारीक, परकी सावली आली. तिला त्यांच्या सांगण्याची भीती वाटत नव्हती, त्यांची वाटत होती. त्यांनी तो विषय सोडला. पुढं कितीतरी दिवस ते दुपारचे तास दुसऱ्यांवर टाकून घरी येऊन बसले. कुणी आलं नाही. मुग्धा मुकाट्यानं काम करायची, मधूनच दाराकडं बघायची, आणि ते बघताहेत असं दिसलं की नजर फिरवायची. एकदा जेवताना म्हणाली, "चष्मा काढून ठेवा ना जरा." त्यांनी काढला. तिनं निरखून पाहिलं आणि निराश झाल्यासारखी पुन्हा ताटाकडं वळली.

परीक्षा जवळ आल्या तसं त्यांना क्लासवर जाणं भाग पडलं. घर मात्र थोडं थोडं बदलत होतं. ट्रंकेतल्या गोधड्या उन्हात पडल्या होत्या. "पाहुणे येणारेत का?" विचारलं तर मुग्धा म्हणाली, "नाही हो, उगीच. ऊन दाखवलं." त्यांची मुलगी मृण्मयी दहावीला होती. तिचं अभ्यासाचं टेबल मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत आलं होतं.

"इथं का गं बसलीस?"

"तिकडं दिवा लावता येत नाही ना बाबा," ती वहीतून डोकं न काढता म्हणाली, जणू हे त्यांना माहीत असायलाच हवं.

"का येत नाही?"

तिनं वर बघितलं. मग ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना."

रेणुकादास मधल्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. फरशी पुसलेली, खिडकीचं दार लावलेलं, आणि गोधड्या भिंतीशी घड्या घालून ठेवलेल्या. त्यांनी दिवा लावला, जरा वेळ तो तसाच जळू दिला, आणि मग कुणी काही म्हटलं नसताना स्वतःच बंद केला.

वार्षिक तपासणीला आलोक पुन्हा लोह्याला आला. शाखेचं काम बघून तो खूश होता. जाताना त्यानं पिशवीतून एक लांब पाकीट काढलं.

"करार वाढवून मिळाला सर. खरं तर हे मी तुमच्या हातात देऊन चालत नाही. नोंदलेल्या पत्त्यावर बजावावं लागतं, घरातल्या मोठ्या माणसाची सही घेऊन." तो हसला. "पण मला नांदेडची गाडी गाठायचीय. आता तुम्हीच नेऊन द्या तुमच्या घरी."

"देतो," रेणुकादास म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. पाकीट पिशवीत न ठेवता ते हातात धरूनच निघाले. मुग्धाला लगेच दाखवावं, या वर्षी शाखा मोठी करता येईल असं सांगावं, जमलं तर तिला घेऊन चार दिवस नांदेडला जावं, असं काय काय मनाशी घोळवत ते भर दुपारच्या उन्हात घराशी आले.

दारात चपला होत्या. त्यांच्या घरात कुणी घालत नव्हतं अशा, जाड टाचांच्या, आणि त्यांवर काळी माती वाळलेली. दाराला आतून कडी होती. त्यांनी वाजवली. एरवी हाक देऊन येणारी मुग्धा न बोलता आली आणि तिनं दार थोडंसंच उघडलं. तिच्या मागं मधल्या खोलीचा पडदा अर्धा सरलेला होता. आत अंधार होता, खाली ओळीनं अंथरुणं होती, आणि ती मोकळी नव्हती.

रेणुकादास काही बोलणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही नव्हती. उन्हातान्हातून आलेल्या माणसाविषयी वाटावा तेवढा कळवळा होता. मग तिला त्यांच्या हातातलं पाकीट दिसलं. त्यावरचं नाव तिनं मान वाकडी करून वाचलं.

"ह्यांचंच आहे," ती अगदी हळू म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. द्या, मी करते सही."

आणि रेणुकादासांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं.